खाजणांतील टिलवा आणि दुर्बिणीची परीक्षा

पेणहून रोह्याकडे निघालेली गाडी नागोठणें येण्यापूर्वीं कासू नांवाच्या एका लहान स्थानकावर थांबते. पूर्वेच्या अंगास डोंगरांची ओळ, पश्चिमेस भातखाचरें, आणि त्यांच्याहि पलीकडे बांध, तिवरांचीं झाडें व अंबा नदीच्या खाडीचा भरती-ओहोटीचा चिखलट प्रदेश, असा हा खारेपाटाचा मुलूख आहे. भाताची कापणी उरकली आणि थंडी पडूं लागली, कीं ओहोटीच्या वेळीं उघड्या पडणाऱ्या अशा चिखलांवर परदेशचे पाहुणे उतरतात. त्यांतला अगदीं लहान म्हणजे टिलवा. अंगानें चिमणीहूनहि लहान, रंगानें करडा, आणि एका जागीं क्षणभर स्वस्थ न राहणारा हा पक्षी युरोप व आशिया या खंडांच्या उत्तर टोकाकडील वृक्षहीन थंड मैदानांत जन्मतो आणि हिवाळा काढण्यासाठीं कोंकणच्या किनाऱ्यापर्यंत येतो.

टिलव्यांच्या दोन जाती आपल्याकडे हिवाळ्यांत येतात. छोट्या टिलव्याचे पाय काळे असतात. टेमिंकच्या टिलव्याचे पाय पिवळसर किंवा हिरवट असतात. इतरहि भेद आहेत. पण दूर अंतरावरून पाहणारा मनुष्य प्रथम पायाकडेच पाहतो. (चिखलानें माखलेला पाय मात्र दोघांचाहि एकाच रंगाचा असतो, हें नवशिक्यानें लक्षांत ठेवावें.) आतां हा पाय किती जाड? दोन मिलिमीटर धरूं. तो शंभर मीटर अंतरावरून पाहिला तर डोळ्याशीं किती कोन करील? आपल्या जुन्या ज्योतिषांत अंशाच्या साठाव्या भागास कला आणि कलेच्या साठाव्या भागास विकला म्हणतात. त्या मापानें हा कोन सुमारें चार विकलांचा होतो. निकोप मानवी डोळ्यास एक कला, म्हणजे साठ विकला, इतक्या अंतरावरचे दोन बिंदु जेमतेम वेगळे दिसतात. तेव्हां टिलव्याचा पाय नुसता पाय म्हणून दिसावयास पंधरापट वर्धन हवें, आणि त्याचा रंग निश्चित सांगावयाचा तर तीसपट तरी हवें.

दुर्बिणीलाहि स्वतःची मर्यादा आहे. ती वस्तुभिंगाच्या रुंदीवर अवलंबून असते. विल्यम डॉज या इंग्रज ज्योतिषानें एकोणिसाव्या शतकांत जोडताऱ्यांच्या निरीक्षणांवरून जो नियम बसविला, त्याप्रमाणें ऐंशी मिलिमीटर रुंदीचें निर्दोष भिंग सुमारें दीड विकला अंतरावरचे दोन तारे विलग करूं शकतें. पक्षिनिरीक्षणाच्या चांगल्या एकनेत्री दुर्बिणी, ज्यांना बाजारांत स्पॉटिंग स्कोप म्हणतात, त्या बहुधा याच रुंदीच्या आणि वीस ते साठपट वर्धनाच्या असतात. म्हणजे दीड विकलांची शक्ति आणि चार विकलांचा पाय. हातीं शिल्लक फार थोडी आहे. भिंग घडवितांना झालेली लहानशी चूक ती शिल्लक खाऊन टाकते, आणि मग काळा पाय हिरवट दिसतो किंवा दिसतच नाहीं.

एकेकाळीं असा प्रश्न बंदुकीनें सुटत असे. जी. डब्ल्यू. विडाल या मुलकी अधिकाऱ्यानें दक्षिण कोंकणांतील पक्ष्यांची यादी १८८० सालीं प्रसिद्ध केली. १८८३ सालीं मुंबईस नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. त्या काळीं पक्ष्याची नोंद म्हणजे पेंढा भरलेलें कातडें. ज्यास शंका असेल त्यानें कपाट उघडावें आणि पाय पाहावा. पुढें पाहण्याची रीत पालटली. धरमतरच्या खाडीपलीकडे, अलिबागजवळ किहीम येथें, डॉ. सालिम अली यांनीं १९३० सालीं जिवंत सुगरण पक्ष्यांच्या घरट्यांकडे महिनोन्‌महिने पाहून असें दाखवून दिलें कीं, नर एकामागून एक घरटीं बांधतो आणि अनेक माद्यांशीं संसार मांडतो. ही गोष्ट कपाटांतल्या कातड्यानें कधींच सांगितली नसती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तर बंदुकीचा प्रश्नच उरला नाहीं. आज खाजणांतील नोंद म्हणजे पाहणाऱ्याचा शब्द, आणि तो शब्द ज्या कांचेंतून पाहिला त्या कांचेइतकाच खरा. कोणत्या चिखलावर कोणते पक्षी किती येतात यावरून त्या चिखलाचें मोल ठरतें. म्हणून चुकीच्या नोंदीचा तोटा एकट्या निरीक्षकापुरता राहत नाहीं.

असें असूनहि दुर्बीण विकत घेतांना तिची परीक्षा कशी होते? दुकानाच्या दारांत उभें राहून समोरच्या इमारतीवरील पाटी वाचून! पाटीवरचीं काळीं ठळक अक्षरें पांढऱ्या पार्श्वभूमीवर कोणत्याहि बऱ्या दुर्बिणींतून स्वच्छ दिसतात. शिवाय भर उन्हांत एक मोठी फसगत होते, ती पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. दुर्बिणींतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या झोताची रुंदी काढावयाची तर वस्तुभिंगाच्या रुंदीस वर्धनानें भागावें. ऐंशीस विसानें भागलें म्हणजे चार मिलिमीटर. पण उन्हांत डोळ्याची बाहुली आकुंचन पावून सुमारें अडीच मिलिमीटरच उरते. तेव्हां झोताची बाहेरची कड डोळ्यांत शिरतच नाहीं, आणि पाहणारा वस्तुतः भिंगाच्या मधल्या पन्नास मिलिमीटरांतूनच पाहत असतो. ज्या कडेच्या भागासाठीं त्यानें अधिक पैसे मोजले, तो भाग कामालाच लागलेला नसतो; आणि भिंगाचे दोष बहुधा कडेलाच असतात. तीच दुर्बीण घरीं आणून सायंकाळच्या अंधुक प्रकाशांत पाहिली कीं बाहुली विस्तारते, कड कामाला लागते, आणि दुकानांत धारदार दिसलेलें चित्र एकाएकीं मऊ होतें. म्हणून परीक्षा नेहमीं मोठ्या वर्धनावर करावी. साठपट वर्धनास झोत अवघा सव्वा मिलिमीटरचा होतो आणि सबंध भिंग उघडें पडतें.

मात्र मोठें वर्धन लावलें कीं दुसरीच आपत्ति ओढवते. चित्र बिघडलें तर तो दोष कोणाचा? दुर्बिणीचा, हवेचा, तिवईचा कीं डोळ्याचा? चौघेहि एकाच चित्रांत आपापली भर घालीत असतात. दुर्बिणीच्या परीक्षेची सारी कला या चौघांना एकमेकांपासून वेगळें करण्यांत आहे.

हवेपासून आरंभ करणें बरें. कासूच्या बांधावर दुपारीं बारा वाजतां उभें राहिलें, तर दूरचा बगळा पाण्यांतल्या प्रतिबिंबासारखा हेलकावतांना दिसेल. तापलेल्या चिखलावरून ऊन हवेचे लोट वर चढतात. गरम हवा विरळ, थंड हवा दाट. प्रकाशाचा किरण त्यांतून जातांना क्षणोक्षणीं इकडेतिकडे वळतो. एका अंशाच्या फरकानें हवेची वक्रीभवनाची शक्ति दहा लाखांत सुमारें एका भागानेंच बदलते. परंतु शंभर मीटर लांबीच्या वाटेवर असे असंख्य बदल सांठले कीं चार विकलांचा पाय त्यांत सहज बुडून जातो. अशा वेळीं जगांतील उत्तम दुर्बीण आणि सामान्य दुर्बीण यांत भेद राहत नाहीं, आणि महाग दुर्बीण घेतलेला गृहस्थ उगाच हळहळतो. परीक्षा सूर्योदयानंतरच्या तासाभरांत, किंवा आकाश झांकोळलेलें असतांना, वीस-तीस मीटरांच्या आंतच, गवतावरून किंवा सावलींतून पाहून करावी. वातानुकूलित मोटारींतून आणलेली दुर्बीण अर्धा तास बाहेर ठेवावी; भिंगाचें व नळींतल्या हवेचें तपमान बाहेरच्या हवेशीं जुळेपर्यंत ती स्वतःच आपलें चित्र बिघडवीत असते. तिवईचा दोष तर सहज ओळखतां येतो: नाभि जुळवून हात काढून घ्यावा, दोन क्षण थांबावें, आणि मग पाहावें.

राहिलीं भिंगें आणि डोळा. यांच्यासाठीं ज्योतिषांची जुनी युक्ति उपयोगी पडते. तारा इतका दूर असतो कीं दुर्बिणीच्या दृष्टीनें तो निव्वळ बिंदु. परंतु प्रकाश तरंगरूप असल्यामुळें निर्दोष भिंगसुद्धां बिंदूचा बिंदु दाखवूं शकत नाहीं. तें एक इवलीशी तेजस्वी तबकडी आणि तिच्याभोंवतीं एकदोन फिकट वलयें दाखवितें. याचें गणित इंग्लंडचे ज्योतिषी जॉर्ज एअरी यांनीं १८३५ सालीं मांडलें. यॉर्क येथील कुक यांच्या दुर्बिणींच्या कारखान्यांतील भिंगशास्त्रज्ञ डेनिस टेलर यांनीं १८९१ सालीं एक लहानसें पुस्तक लिहून, हीं वलयें पाहून भिंगाचा दोष कसा ओळखावा हें कारागिरांना व हौशी लोकांना समजावून दिलें. ती रीत आजहि जशीच्या तशी चालते.

दिवसा तारा कोठून आणावयाचा? सायकलच्या चाकांतला पोलादी छर्रा घ्यावा. काळ्या कापडावर तो बसवून वीस मीटरांवर उन्हांत ठेवावा, सूर्य पाहणाऱ्याच्या पाठीशीं असावा. छऱ्यावर सूर्याचें जें लुकलुकणारें प्रतिबिंब पडतें, तें सहा मिलिमीटरच्या छऱ्यांत मिलिमीटरच्या सत्तराव्या भागाएवढें असतें. वीस मीटरांवरून तें विकलेचा सातवा हिस्साहि भरत नाहीं. दुर्बिणीस तो ताराच. कासूसारख्या ठिकाणीं पूर्वेचें कोवळें ऊन पाठीवर घेऊन बांधावर हा प्रयोग करावयास कसलीच अडचण नाहीं. छर्रा कापडासह एखाद्या काठीला बांधला म्हणजे झालें.

साठपट वर्धनानेंहि ती तबकडी फार लहान दिसते. त्यावर उपाय असा कीं, दुर्बीण तीसपटीवर ठेवून नेत्रभिंगाच्या मागें आठपट वर्धनाच्या साध्या द्विनेत्री दुर्बिणीचें एक नळकांडें धरावें. एकूण वर्धन दोनशें चाळीसपट होतें. हात थरथरतो, थोडी कसरत करावी लागते, पण एरव्हीं दडून राहणारें सारें उघड होतें.

प्रथम नाभि बरोबर जुळवून तबकडी पाहावी. ती वाटोळी व घट्ट असावी. नंतर नाभि किंचित् आंत फिरवावी. तबकडी पसरून एकांत एक अशीं वलयें उमटतील. मग नाभि तितकीच बाहेर फिरवावी. पुन्हां वलयें उमटतील. निर्दोष भिंगांत दोन्ही बाजूंचीं वलयें सारखीं असतात. एका बाजूस बाहेरचें वलय जाड व झगझगीत आणि दुसऱ्या बाजूस तेंच पुसट, धुरकट असें दिसलें, तर भिंगाची कड व मध्य आपापले किरण निरनिराळ्या ठिकाणीं एकत्र करीत आहेत असें समजावें. यास गोलीय विपथन म्हणतात. हा दोष चित्राची धार बोथट करतो, आणि तो असलेल्या दुर्बिणीची एक खूण अशी कीं नाभि जुळवितांना नेमकी जागा सांपडत नाहीं. पाहणारा चक्री मागेंपुढें करीतच राहतो. उत्तम दुर्बिणींत चित्र एका क्षणांत खटकन् जागेवर बसतें.

वलयें वाटोळीं न दिसतां लंबगोल दिसलीं, आणि आंतल्या बाजूस उभीं तर बाहेरच्या बाजूस आडवीं झालीं, तर उभ्या व आडव्या रेषांची नाभि एक नाहीं. हा दोष डोळ्यांतहि सर्रास असतो. चष्मेवाल्यांपैकीं कित्येकांना तो ठाऊक आहे. मग तो दुर्बिणीचा कीं डोळ्याचा? मान तिरपी करून पाहावें. लंबगोल डोक्याबरोबर फिरला तर दोष डोळ्याचा, आणि चष्मा लावून पाहिलें कीं तो जाईल. मान फिरवूनहि तो जागचा हलला नाहीं, परंतु दुर्बीण तिच्या कड्यांत फिरवितांच तिच्याबरोबर फिरला, तर दोष दुर्बिणीचा. एवढ्या सोप्या कसोटीवांचून चांगल्या दुर्बिणी परत केल्या जातात आणि वाईट पदरीं पडतात. वलयांचा मध्य एका बाजूस सरकून धूमकेतूसारखी शेपटी निघाली, तर भिंगें एका अक्षावर बसलेलीं नाहींत. वलयें तिकोनी झालीं, तर भिंग त्याच्या चौकटींत तीन ठिकाणीं आवळलें गेलें आहे. आणि ताऱ्यांतून आरपार एक प्रकाशाची सळी गेलेली दिसली, तर छपराच्या आकाराच्या लोलकाची कड नीट घांसलेली नाहीं. पक्षिनिरीक्षकास चित्र उलटें चालत नाहीं, म्हणून या दुर्बिणींत तें सुलट करणारा लोलक घालावा लागतो. आकाशाच्या दुर्बिणीस ही कटकट नसते.

येथें एक प्रमाण लक्षांत ठेवण्यासारखें आहे. लॉर्ड रॅले यांनीं १८७९ च्या सुमारास असें दाखविलें कीं, प्रकाशतरंगाच्या पाव लांबीहून अधिक चूक झाली कीं चित्र डोळ्याला कळण्याइतकें बिघडूं लागतें. ही पाव लांबी म्हणजे मिलिमीटरचा सुमारें सातहजारावा भाग! सहा-आठ कांचा आणि लोलक मिळून एवढ्याच चुकीची मुभा असते. तेव्हां एकाच कारखान्याच्या, एकाच नमुन्याच्या दोन दुर्बिणी सारख्या न निघाल्या तर त्यांत नवल नाहीं. जाहिरातींतला नमुना तपासून कांहीं साधत नाहीं; हातीं येणारी दुर्बीण तपासावी लागते.

रंगाचा दोष टिलव्याच्या पायाच्या दृष्टीनें सर्वांत घातक. कांच निळे किरण अधिक वळविते, तांबडे कमी. त्यामुळें एकाच वेळीं सर्व रंगांची नाभि जुळत नाहीं. न्यूटननें हा दोष असाध्य मानला आणि आरशाची दुर्बीण बांधली. लंडनच्या जॉन डॉलंड यांनीं १७५८ सालीं दोन प्रकारच्या कांचा एकत्र जोडून तो बराचसा घालविण्याच्या रीतीचें पेटंट घेतलें, तरी अंमळ जांभळी-हिरवी झालर राहतेच. ती आणखी कमी करण्यासाठीं आज फ्ल्युओराइटचे स्फटिक किंवा तत्सम खास कांच वापरतात, आणि किंमत वाढते ती मुख्यतः तेथें. परीक्षा सोपी आहे: पांढरा बगळा काळ्या तिवरापुढें, किंवा काळी फांदी उजळ आकाशापुढें पाहावी. कडेला रंगाची झालर किती, हें मोठ्या वर्धनावर, चित्राच्या मध्यभागीं पाहावें. चकचकीत ओल्या चिखलावर उभ्या असलेल्या दोन मिलिमीटर पायाला दोन्ही बाजूंनीं अशी झालर लागली, तर मधला काळा रंग उरतो किती? अशा दुर्बिणीनें केलेल्या टेमिंकच्या टिलव्याच्या नोंदीवर विसंबूं नये, हेंच बरें.

प्रकाशाचा हिशेबहि पाहावयास हवा. साध्या कांचेच्या प्रत्येक पृष्ठावरून शंभरांतले सुमारें चार किरण परत फिरतात. सोळा पृष्ठें असलीं तर शेवटीं निम्माच प्रकाश पोंचतो, आणि परत फिरलेला प्रकाश नळींत भटकून चित्रावर धुकें पसरवितो. यावरचा इलाज योगायोगानें सांपडला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याच टेलर यांच्या ध्यानांत आलें कीं, जुनीं, पृष्ठभाग काळवंडलेलीं भिंगें नव्या स्वच्छ भिंगांपेक्षां अधिक प्रकाश आरपार जाऊं देतात! पृष्ठभागावर चढलेली पातळ साय परावर्तन कमी करीत होती. पुढें १९३५ सालीं जर्मनींत त्साइसच्या कारखान्यांत स्माकुला यांनीं निर्वात पेटींत अशी साय मुद्दाम चढविण्याची रीत काढली. आज अनेक पदरी लेप असतात, आणि प्रत्येक पृष्ठावरची तूट अर्ध्या टक्क्याच्याहि खालीं येते. लेप चांगला कीं वाईट याची परीक्षा कासूस संध्याकाळीं होते. कारण खाडी पश्चिमेस आहे आणि मावळता सूर्य पाण्यावर समोरून येतो. सूर्याकडे दुर्बीण कधींहि रोखूं नये, डोळा कायमचा जाईल. परंतु सूर्यापासून पुष्कळ दूर, सावलींतल्या तिवराकडे पाहिलें असतां चित्र काळें-करडें दिसतें कीं त्यावर दुधाळ पडदा येतो, हें पाहावें.

रात्रीं खऱ्या ताऱ्यावरहि प्रयोग करावा. ध्रुव जागचा हलत नाहीं म्हणून तो सोईचा, पण कासूच्या अक्षांशावर तो क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंश उंच, आणि तेवढ्या खालच्या हवेंत वलयें उकळत्या पाण्यासारखीं हालतात. त्यापेक्षां हिवाळ्यांत डोक्यावर येणाऱ्या पुनर्वसूंकडे वळावें. त्यांतला कॅस्टर हा जोडतारा असून त्याच्या दोन ताऱ्यांमध्यें सध्यां सुमारें पांच विकलांचें अंतर आहे. शंभर मीटरांवरचा टिलव्याचा पाय चार विकलांचा. हें त्याहून थोडेंसेंच अधिक. ऐंशी मिलिमीटरच्या दुर्बिणीनें स्थिर हवेंत, साठपट वर्धनावर, हे दोन तारे मध्यें काळी फट ठेवून वेगळे दाखविले पाहिजेत. तीन-चार निरभ्र रात्रीं पाहूनहि एकाच लांबट ठिपक्याशिवाय कांहीं दिसलें नाहीं, तर ती दुर्बीण मुदतींत परत करावी.

कोंकणांत मात्र परीक्षा एकदां करून भागत नाहीं. पावसाळ्याच्या चार महिन्यांत दमट हवा नळींत शिरली कीं भिंगावर बुरशीचीं जाळीं धरतात. चांगल्या दुर्बिणींत नायट्रोजन भरून सांधे बंद केलेले असतात, तरी सांधे जुने होतातच. अंधाऱ्या खोलींत वस्तुभिंगांतून तिरपा विजेरीचा प्रकाश टाकून नेत्रभिंगाकडून पाहिलें, तर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे किंवा धुरकट डाग लगेच दिसतात. हें काम दसऱ्याच्या सुमारास करावें. घरोघर शस्त्रें व हत्यारें पुसून पुजलीं जातात तेव्हांच, आणि उत्तरेकडचे पहिले टिलवे कोंकणच्या खाजणांत उतरून गेलेले असतात तेव्हांच.